उष्टी हळद

जन्मापासून माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. हे वाक्य मी आता कुणापुढेही न अडखळता म्हणते, कारण सांगली-मिरजेत ज्याला ते माहीत नाही असं माझ्या ओळखीचं माणूसच उरलेलं नाही. ज्यांना सहानुभूती दाखवायची असेल त्यांनी कृपा करून दुसरं दार बघावं. मला राग आलेला आहे आणि तो का आला तेवढंच मला सांगायचं आहे.

मी बालवाडीत जायच्या आधीच आई-वडील गेले. भानुदास मामा आणि रूपाली मामीने मला माधवनगरला आणलं आणि स्वतःच्या पोरीसारखं वाढवलं. रोज सकाळी दूध-चपातीबरोबर मामी माझ्या तळहातावर गोळी ठेवायची आणि मी ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची. शेजारणींना सांगितलेलं होतं की पोरीला थायरॉइड आहे. शेजारणीही थायरॉइडवाल्याच होत्या, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

लहानपणी गोळी घेणं सोपं असतं, कारण मोठं माणूस देतं. खरी पंचाईत चौदा-पंधराव्या वर्षी सुरू होते. सहल निघते, मैत्रिणी दप्तर उपसतात, वसतिगृहात खोलीतली पोरं विचारतात, रोज कसली रे गोळी खातोस? आमच्या उपचार केंद्रात आमच्या वयाच्या मुलांचा एक गट होता. महिन्यातून एका शनिवारी आम्ही जमायचो, पोहे खायचो, आणि समुपदेशक कोरे मॅडम आम्हाला खेळ खेळता खेळता औषधाचं महत्त्व पटवायच्या. त्या गटात सुयश नावाचा माझा एक मित्र होता. डिप्लोमाला तो कराडला वसतिगृहात गेला. सुरुवातीला गोळ्या बुटात लपवायचा, नंतर त्याने त्या घेणंच सोडलं. अठराव्या वर्षी क्षयाने गेला. शेवटी मी त्याला वॉर्डात पाहिलं, तेव्हा रडण्यापेक्षा मला संताप जास्त आला. औषध होतं, फुकट होतं, आणि हा पोरगा चारचौघांच्या एका प्रश्नाला भिऊन मेला. त्यानंतर मी एक दिवसही चुकले नाही. माझ्याकडे गर्व करण्यासारखं फार काही नाही, पण हे आहे.

सुयशसारखी पोरं देशभर होती. डॉक्टरांच्या हाती औषध होतं, पण पोरं हाती लागत नव्हती. मग दोन हजार पस्तीस सालाच्या सुमाराला ती काडी आली.

कोरे मॅडमनी आम्हाला फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. काडेपेटीतल्या काडीएवढी एक नळी दंडात कातडीखाली बसवायची. तिच्यातून औषध रोज थोडं थोडं झिरपतं, वर्षभर पुरतं. गोळी नको, डबी नको, लपवाछपवी नको. पण औषध खरोखर काम करतंय की नाही हे कळणार कसं? तर त्या काडीच्या सालीत अतिशय बारीक कण पेरलेले असतात. अंगात विषाणू वाढले की ते या कणांना चिकटतात, आणि चिकटलेल्या कणांवर निळा उजेड टाकला की ते हिरवट-पिवळे चमकतात. काडीच्या बरोबर वर, कातडीवर, एक पातळ पट्टी चिकटवायची. पट्टी दर तासाला निळा उजेड आत सोडते आणि परत काय येतं ते बघते. आत अंधार असला तर सगळं ठीक, फोनवर हिरवा ठिपका. आत चमक दिसली तर लाल.

"म्हणजे आमच्या अंगात दिवा लागला की बोंबाबोंब," गटातलं कुणीतरी म्हणालं होतं. मॅडमसकट सगळे हसले.

त्या पट्टीला सरकारी कागदोपत्री फार गोड नाव होतं. आम्ही तिला खबऱ्या म्हणायचो, कारण ती सगळं केंद्राला कळवायची. फोनमध्ये तिच्यासोबत एक आवाजही यायचा, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा, सतत उत्साहात. आपण हिरवे राहिलो की तो म्हणायचा, "वा ईश्वरी! आजपण तू भारीच!" मी तेवीस वर्षांची झाले तरी तो मला भारीच म्हणत होता. चेष्टा सोडा, पण काडीने पोरं वाचवली. आमच्या केंद्रातून त्यानंतर एकही सुयश गेला नाही. हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही.

*

मी बीएस्सी करून सांगलीत हळद तपासणीच्या एका प्रयोगशाळेत लागले. सांगली म्हणजे हळदीची पेठ. कुठल्या पोत्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळी करणारं द्रव्य, किती यावर भाव ठरतो, आणि ते किती हे सांगणं माझं काम. हळदीची पूड तेलात किंवा स्पिरिटमध्ये विरघळवायची, यंत्रात घालायची, उजेड टाकायचा, आकडा बघायचा. त्याच कामासाठी येण्याजाण्यात मिरजेच्या बसमध्ये हर्षल भेटला. तो विजेच्या बसगाड्यांच्या डेपोत बॅटऱ्या सांभाळणारा इंजिनिअर. बस बंद पडली, तो दुरुस्तीला आला, बाकीचे प्रवासी शिव्या देत होते आणि मी एकटीच त्याला विचारलं, नेमकं काय बिघडलं? त्याने मला मीटर दाखवलं आणि खुलासेवार सांगितलं. पुढे वर्षभरात मला त्याचं सांगणं आवडायला लागलं आणि त्याला माझं विचारणं.

हरिपूरच्या संगमावर आम्ही बसायचो. तिथेच मी त्याला सांगितलं. आधी काडी बसवलेला दंड दाखवला, मग सांगितलं. तो मला गाडीवरून माधवनगरच्या फाट्यावर सोडून गेला. तीन दिवस त्याचा फोन नाही. मामी म्हणाली, "मी म्हनलं नव्हतं? गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" चौथ्या दिवशी तो दारात उभा. सगळं वाचून आला होता.

"औषध नीट चालू असलं आणि विषाणू तपासणीत सापडतच नसले, तर ते दुसऱ्याला होत नाहीत," तो मला शिकवल्यासारखा म्हणाला. "संबंधातूनपण नाही. मुलांनापण नाही."

"मला माहितंय रे."

"मग झालं की. मला चालतंय. आई-बापूंना मात्र नको सांगायला, त्यांना नाही समजायचं."

मी तिथेच, मामीच्या देखत, रडले. माझ्यासारखीला असा माणूस भेटतो हे मी धरूनच चालले नव्हते. आणि त्या भरात मी एक गोष्ट आपण होऊन केली, कुणी मागितली नव्हती. खबऱ्यात जोडीदार जोडायची सोय होती. मी हर्षलचा फोन जोडला. आता माझा हिरवा ठिपका रोज त्यालाही दिसणार होता.

त्याला ते फार आवडलं. सकाळी उठल्यावर आधी तो ठिपका बघायचा आणि मला त्याचंच चित्र पाठवायचा. इतर पोरी गुलाबाची फुलं मिळवतात, मला हिरवा ठिपका मिळायचा, आणि तरी मी खूश असायचे. एकदा आंघोळ करताना पट्टीची कड सुटली आणि ठिपका करडा झाला. मी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याचे चार फोन. "काय झालं? बरी आहेस ना? औषध चालू आहे ना?" मी हसून पट्टी दाबून बसवली. घरी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "काळजी करतोय बाई. नशीब काढलंस." मलाही तेव्हा ते प्रेमच वाटलं. थोडंफार असेलही.

*

लग्न ठरलं. आदल्या दिवशी सकाळी दोन्ही घरी हळद, दुसऱ्या दिवशी मिरजेच्या कार्यालयात अक्षता.

सकाळी मामीने मला पाटावर बसवायच्या आधी माझी बाही वर करून पट्टीकडे बोट दाखवलं. "हे काढून ठिव की आजच्यापुरतं. बायका इचारतील."

"काढली की ठिपका करडा होतो. हर्षलचा जीव टांगणीला लागेल. आज त्याला कशाला घोर?"

"मग ॲलर्जीची हाय म्हन."

त्याच्यासाठीच मी ती पट्टी ठेवली. हे मी नंतर किती वेळा आठवलं असेल याला गणती नाही.

रिवाज सगळ्यांना माहीत आहे. हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि त्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीकडे येते, ती उष्टी हळद. हर्षलची वहिनी आणि चुलत्या पितळी वाटीतून ती घेऊन मिरजेहून आल्या. घट्ट, तेलात कालवलेली, चांगली पिवळीजर्द. माझ्या हातून रोज हळदीचे नमुने जातात; ही वाटी पाहून मनात आलं की माल एक नंबर आहे. एवढंच आलं. जी बाई दिवसभर हळदीवर उजेड टाकून पोट भरते तिला त्याच्यापुढचं काही सुचलं नाही, कारण ती त्या वेळी नवरी होती.

बायकांनी आंब्याच्या पानांनी हळद लावली, मग पानं टाकून हातानेच. गाणी चालली होती. वहिनी मोठी हौशी. तिने माझी बाही खांद्यापर्यंत सारली. "हे काय गं?"

"ॲलर्जीची पट्टी आहे."

"मग तिलापन लागू दे की हळद!" म्हणत तिने दोन्ही तळव्यांनी माझा दंड चोळला. सगळ्या खिदळल्या. मीही. त्या सकाळी मी खरोखर सुखात होते, आणि ते मला कुणाला पटवून द्यायचं नाही.

माझा फोन मामीच्या कपाटात होता. हर्षलचा त्याच्या हातात.

आंघोळीला पाणी काढलेलं होतं तेवढ्यात दारात गाडी थांबली. नवरा मुलगा हळदीच्या अंगाने, पिवळ्या तोंडाने, आदल्या दिवशीच नवरीच्या घरी! बायका आधी हसल्या, आणि मग त्याचा चेहरा पाहून बाजूला झाल्या. तो मला हाताला धरून मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला आणि फोन माझ्यापुढे धरला. पडदा भरून लाल. खाली लिहिलं होतं: अतिधोका. उपचार खंडित झाल्याची शक्यता. जोडीदाराने संपर्क टाळावा.

मला समजायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

"हर्षल, ही हळद आहे."

"काय?"

"हळदीतलं कुरकुमिन निळ्या उजेडात चमकतं. हिरवट-पिवळं. तेलात तर जास्तच. माझ्या लॅबमध्ये आम्ही त्याच्यावरच आकडे काढतो. वहिनीने पट्टीवर चोळली, तेल कडेने आत गेलं, पट्टीला वाटतंय माझ्या अंगातून चमक येतेय. तूच बघ, काल संध्याकाळपर्यंत हिरवं आणि आज एकदम एवढं लाल? असं कधी होतं का?"

"त्यात लिहिलंय, काडी अचानक निकामी झाली तर होऊ शकतं."

"काडी निकामी झालेली नाही."

"तुला कसं माहीत?"

 आपल्या अंगातलं आपल्याला माहीत असतं असं म्हणणं हा काही पुरावा होत नाही. मी पट्टी उचकटली, साबणाने दंड घासला, नवी पट्टी लावली. परत लाल. हळदीचा डाग कातडीवरून चार-पाच दिवस जात नाही हे प्रत्येक नवरीला माहीत असतं.

"हे बघ," तो म्हणाला, आणि तो वाईट बोलत नव्हता, हेच वाईट होतं. "डेपोत एखादं मीटर खोटं दाखवतंय असं वाटलं तर मी ते खोटं आहे म्हणून सोडून देत नाही. दुसरं मीटर लावतो. रक्त तपासू. पुण्याहून रिपोर्ट यायला आठवडा लागेल. लग्न तेवढं पुढं ढकलू. एवढंच म्हणतोय मी."

"उद्याचं लग्न? लोकांना काय सांगायचं?"

तो खाली बघायला लागला.

"हर्षल, घरी काय सांगून निघालास?"

"फोन वाजला तेव्हा आई शेजारीच होती. जोडीदाराने संपर्क टाळावा, हे तिने मोठ्याने वाचलं. मग सांगावंच लागलं मला."

मला ओरडायचं होतं. पण तेवढ्यात मामी माझा फोन घेऊन धावत आली. फोनमधून ती सोळा वर्षांची मुलगी मोठ्या उत्साहाने बोलत होती, "हाय ईश्वरी! आज थोडं लाल दिसतंय हं. औषध सोडावंसं वाटतंय का? टेन्शन नको घेऊ, आपण बोलूया! तू एकटी नाहीस!" पुढच्या दारातल्या सगळ्या बायका मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. वहिनीने आपले पिवळे तळवे अंगापासून लांब धरले होते, जणू ते पोळले होते.

मी हर्षलला म्हणाले, "सहा वर्षं माझं औषध एक दिवस चुकलं नाही. तुला सगळं सांगून तुझ्याशी लग्न ठरवलं. आणि आज मी तोंडाने सांगतेय."

"मी कुठं म्हणतोय तू खोटं बोलतेस? फक्त रिपोर्ट येऊ दे."

तो गेला. अंगणात मांडव होता, चुलीवर भात शिजत होता, आणि मामा कार्यालयवाल्याला फोन करायला बाजूला गेला. माणसं उठून जाताना चपला शोधत होती तेवढाच आवाज होता.

*

रिपोर्ट आला. रक्तात विषाणू आढळले नाहीत. हळदीच्या दिवशीही नव्हतेच.

कोरे मॅडमनी मला समोर बसवून तो वाचून दाखवला. त्यांच्या केसात आता पांढरे आले आहेत. मला सात वर्षांची असल्यापासून ओळखणारी ही बाई त्या दिवशी माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

"कंपनीशी बोलले मी," त्या म्हणाल्या. "पट्टी बाजारात आणायच्या आधी त्यांनी सगळं लावून पाहिलं होतं. मेंदी, खोबरेल, पावडर, गोंदण, घाम, रंगपंचमीचा रंगसुद्धा. हळद नाही."

"का नाही?"

"चाचण्या तुमच्यावरच झाल्या ना. तेव्हा तुम्ही सगळी बारा ते सतरा वर्षांची. त्या वयात कुणाची हळद असते?"

 त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं नाही, म्हणून मीच म्हटलं. "म्हणजे आम्हाला जगवायचं हे त्यांनी ठरवलं होतं मॅडम. आम्ही पुढे लग्नबिग्न करू, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

त्या रडल्या. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

बाहेर जे व्हायचं ते झालं होतं. वहिनीने दुसऱ्याच दिवशी स्वतःची तपासणी करून घेतली होती, हळद लावली म्हणून. त्या उष्ट्या हळदीची वाटी तिच्या सासूने विहिरीत टाकायला लावली असं कानावर आलं. शेजारणी, त्याच थायरॉइडवाल्या, मामीकडे विरजण मागायला येईनाशा झाल्या. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी मला फार प्रेमाने बोलावून सांगितलं की नमुन्यांचं काम दुसऱ्या मुलीकडे दिलंय, तू आता बसून कॉम्प्युटरवर बिलं कर, तुला आराम पडेल. हा आजार हात लावून होत नाही हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "मला माहितंय गं. गिऱ्हाइकांचं काय करू?" मी वाद घातला नाही. असल्या माणसाशी वाद घालून आपलाच घसा बसतो.

मी कोरे मॅडमना सांगितलं, माझी काडी काढा. मला गोळी द्या, जुनी, रोजची. सहा महिन्यांनी रक्त तपासा, बाकी काही नको.

"गोळी देईन," त्या म्हणाल्या. "तो तुझा हक्क आहे. पण या योजनेत फक्त पट्टीवाली मुलं मोजतात. पट्टी बंद झाली की तू त्यांच्या पडद्यावर उपचार सोडलेली म्हणून दिसशील. कायमची लाल."

"दिसू दे."

"ईश्वरी, सुयशचं आठव. मला भीती वाटते."

"मला त्याचीच आठवण आहे मॅडम. म्हणूनच तर गोळी मागतेय, सुट्टी नाही मागत."

त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरांकडून काडी काढवली, दोन टाके पडले, आणि महिन्याच्या गोळ्या माझ्या हातात दिल्या. त्या दिवसापासून मी रोज सकाळी दूध-चपातीबरोबर गोळी घेते. आता तळहातावर ठेवायला मामी लागत नाही. फोनमधली ती मुलगी काही दिवस रोज विचारत राहिली, "ईश्वरी, कुठे गेलीस?" मग मी तिला काढून टाकलं.

*

हर्षल आला तो महिना उलटल्यावर. दुपारची वेळ होती. मामीने त्याला घरात घेतलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विनवलं. तिला दोष देत नाही. सारा गाव तोंड फिरवून बसला असताना नवरा मुलगा आपल्या पायांनी परत आला होता. ती चहा टाकायला आत गेली आणि आम्ही ओसरीवर समोरासमोर बसलो.

तो बारीक झाला होता. "रिपोर्ट पाहिला मी," तो म्हणाला. "चुकलं माझं. आईचीपण समजूत काढली. महिनाभर भांडतोय तिच्याशी. बापू तर आधीच तयार होते. पुढच्या महिन्यातली तारीख धरू म्हणतात."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आईशी महिनाभर भांडणारा माणूस रस्त्यावर पडलेला नसतो. माझा हात त्याच्या हाताकडे जाणारच होता.

मग त्याने फोन काढला. "आणि हे बघ! कंपनीने दुरुस्ती केली. तुझ्या केसमुळेच. आता पट्टी दुसऱ्या रंगाचापण उजेड टाकून बघते, हळद असेल तर ओळखते. आणि वर विचारतेपण, आज तुमच्याकडे हळदी समारंभ आहे का? हो किंवा नाही." तो अगदी मनापासून आनंदला होता. "म्हणजे परत असं होणारच नाही. आपण नवी काडी बसवून घेऊ. खर्च नाही काही."

"मी पट्टी लावणार नाही हर्षल. गोळी घेते रोज."

"पण का? चांगली सोय असताना?"

"समज लावली. लग्न झालं. आणि एखाद दिवशी ती परत लाल झाली, कसल्या तरी दुसऱ्याच कारणाने, जे अजून कुणाला माहीत नाही. मी तुला म्हटलं की मी ठीक आहे. तू काय करशील?"

तो विचार करायला लागला. हे त्याचं मला नेहमीच आवडायचं, की विचारलेल्या गोष्टीचा तो खरंच विचार करायचा.

"रिपोर्ट येईपर्यंत आईकडे जाऊन राहीन," तो म्हणाला. "आठवडाभर. त्यात काय एवढं?"

"आणि पोटात मूल असेल तर?"

त्याने फोन खिशात घातला.

मला भांडायचं नव्हतं. मला हा माणूस हवा होता, अजूनही. म्हणून मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. "पट्टी नको, ठिपका नको. मी रोज गोळी घेईन. सहा महिन्यांनी आपण दोघं मिळून केंद्रात जाऊ, रक्त देऊ, रिपोर्ट तू स्वतः वाच. मधले सगळे दिवस तू विचारलंस की मी सांगेन, घेतली. आणि तू ते खरं मानायचंस. एवढंच मागतेय. एवढं जमलं तर तू म्हणशील ती तारीख."

आत कपबशांचा आवाज थांबला. मामी कान देऊन उभी होती.

हर्षलने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, ढोंग नव्हतं ते. 

"माझा तुझ्यावर विश्वास आहे गं ईश्वरी," तो म्हणाला. "पण मला कळणार कसं?"

मी उठले आणि आत जाऊन मामीला म्हणाले, त्यांच्याकडून आलेली साखरपुड्याची साडी कपाटातून काढ, तो जाताना त्याच्याजवळ देऊन टाक.